‘विषाणू भेदभाव करत नाही’ हे वाक्य आता पुरे

परवा ओपीडीत एक जुने पेशंट आले होते. सत्तरी पार केलेले काका, मधुमेह आटोक्यात, लशी वेळच्या वेळी घेतलेल्या. बोलता बोलता कोविडचा विषय निघाला आणि ते म्हणाले, “डॉक्टर, एक मात्र खरं. त्या विषाणूने कोणाला सोडलं नाही. गरीब-श्रीमंत सगळे एका रांगेत आले.” एरवी मी मान डोलावून पुढचा पेशंट बोलावला असता. त्या दिवशी तसं केलं नाही. बीपी मोजून झाल्यावर दहा मिनिटं त्यांच्याशी वाद घातला. बाहेरचे पेशंट ताटकळले आणि काकाही जरा नाराज होऊन गेले. जे त्यांना घाईत नीट सांगता आलं नाही ते इथे सविस्तर लिहितो.

२०२० च्या एप्रिलमध्ये हे वाक्य टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर, अगदी आमच्या डॉक्टरांच्या ग्रुपवरही फिरत होतं. ऐकायला फार उदात्त वाटतं. विषाणूला डोळे नसतात, बँकेचं पासबुक तो बघत नाही, हे मान्य. पण तो माणसापर्यंत ज्या वाटेने येतो ती वाट आपण बांधलेली असते. तो शरीरात शिरल्यावर ते शरीर किती लढेल हे त्याला गेली दहा वर्षं काय खायला मिळालं यावर ठरतं. आणि शरीर हरायला लागलं की मदत किती वेळात पोचेल हे रस्ता, गाडी आणि दवाखान्यातली भरलेली किंवा रिकामी खुर्ची ठरवते. या तिन्ही ठिकाणी गरीब माणूस आधीच मागे उभा असतो. विषाणूने फक्त शर्यत सुरू करायची असते.

हे मी मनाचं सांगत नाही. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझाची साथ बोटीतून मुंबईत आली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत तिने कहर केला. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग झालं होतं. त्या साथीतल्या मुंबईच्या मृत्यूंचा हिशेब समाजवार उपलब्ध आहे. युरोपियन लोकांत दर हजारी साधारण ८ मृत्यू, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १९ आणि सरकारी नोंदींत ज्यांना ‘खालच्या जाती’ म्हटलं होतं त्यांच्यात जवळजवळ ६२. शहर एक, विषाणू एक, महिने तेच. फरक सातपटीहून जास्त. चाळीतली खोली, रिकामं पोट आणि आजारी पडल्यावर पाणी द्यायलाही घरात उभं राहू शकणारं कोणी नसणं, एवढ्यात तो फरक आहे.

शंभर वर्षांनी, जुलै २०२० मध्ये, मुंबईत तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीत राहणाऱ्यांपैकी ५७ टक्के लोकांना कोविड होऊन गेलेला होता, झोपडपट्टीबाहेर १६ टक्के. काका, रांग एक नव्हती.

जव्हार-मोखाड्यात ‘घरी राहा’ म्हणजे काय

मी एमबीबीएसनंतरची बाँडची नोकरी या भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात केली. तेव्हा पालघर जिल्हा नव्हता, सगळं ठाण्यात होतं. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. पुढे एमडी केलं, शहरात दवाखाना थाटला, पण महिन्यातून एकदा शिबिराच्या निमित्ताने तिकडे जाणं सुटलेलं नाही. म्हणून उदाहरण तिथलंच देतो.

जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहेत. लोकसंख्येत दहातले नऊ जण आदिवासी: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. भात, नागली, वरई पावसावर पिकते. दिवाळी झाली की घरातलं धान्य संपत येतं आणि पाडे रिकामे व्हायला लागतात. कोणी भिवंडी-वाड्याकडे वीटभट्टीवर, कोणी वसई-कल्याणकडे बांधकामावर, कोणी नाशिकला द्राक्षबागेत. भट्टीवाल्याकडून आगाऊ उचल घेतलेली असते, ती फेडायला अख्खं कुटुंब जातं, तान्ह्या बाळासकट.

२४ मार्च २०२० च्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला तेव्हा ही माणसं घरी नव्हतीच. त्यांचं घर तेव्हा भट्टीशेजारचं विटांचं आणि ताडपत्रीचं खोपटं होतं, ज्यात वाकूनच शिरावं लागतं. ‘घरी राहा’ ही सूचना ज्यांना स्वतंत्र खोली, भरलेला फ्रीज आणि महिन्याचा पगार आहे त्यांच्यासाठी वैद्यकीय सल्ला होती. भट्टीवरच्या माणसासाठी ती दुपारची भाकरी बंद होण्याची नोटीस होती. काही जण मुलं खांद्यावर घेऊन घाट चढून चालत गावी आले.

आणि ‘हात धुवा’. मोखाड्यात पावसाळ्यात एवढा पाऊस पडतो की बाहेरून गेलेल्या माणसाला कपडे वाळवायची पंचाईत. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात कोचाळे गावाजवळ आहे. तरीही उन्हाळ्यात तिथल्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात आणि बायका खडकाच्या झऱ्यावर वाटीवाटीने हंडा भरतात. तो हंडा डोक्यावर घेऊन चढण चढलेल्या बाईला मी शिबिरात हात धुण्याच्या सहा पायऱ्या करून दाखवल्या आहेत. ती हसली. काय बोलणार होती? तिने आणलेल्या पाण्यातलं किती पाणी मी सांगितलेल्या पद्धतीने खर्च करायचं, याचा हिशेब तिला माझ्यापेक्षा चांगला येत होता.

आता एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. “पण डॉक्टर, कोविडने तर आदिवासी भागात फारसं काही केलं नाही ना? सगळे मृत्यू शहरात झाले.” पालघर जिल्ह्यातही नोंदलेले बहुतेक मृत्यू वसई-विरारकडचे, जव्हार-मोखाड्यातले त्या मानाने खूपच कमी. तपासण्याच कमी झाल्या हा त्यातला एक भाग, पण तेवढ्यावर मी हा मुद्दा उडवून लावणार नाही. माझा स्वतःचा अंदाज आहे की आजार खरंच थोडा सौम्य गेला. कारण साधं आहे: कोविड मुख्यतः म्हाताऱ्यांना, मधुमेहींना, लठ्ठ माणसांना मारत होता. पाड्यावर लोकसंख्या तरुण, घरं विखुरलेली, दिवस उघड्यावर जाणारा.

म्हणजे तिथले लोक वाचले ते या एका विषाणूच्या स्वभावामुळे. त्यात आरोग्यव्यवस्थेचं कर्तृत्व शोधू नका. १९१८ चा इन्फ्लुएंझा वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांना मारत होता. गोवर लहान मुलांना मारतो. पुढची साथ अशी आली, तर मोखाड्याच्या पाड्यावर काय होईल? मला त्याचं उत्तर माहीत आहे, कारण छोट्या प्रमाणात ते तिथे दर पावसाळ्यात घडतं.

दाखल्यावरची रिकामी ओळ

कुपोषण म्हणजे मूल बारीक असणं, एवढीच आपली समजूत असते. प्रत्यक्षात आतमध्ये बरंच काही मोडलेलं असतं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, जिथे रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी तयार होऊन शिकतात. तीव्र कुपोषणात ती आक्रसून जाते. आतड्याचं अस्तर पातळ होतं, जंतू सहज पलीकडे जातात. अ जीवनसत्त्व आणि झिंक कमी पडल्याने श्वासनलिकेचं अस्तरही नीट दुरुस्त होत नाही. जुलाब झाले की भूक मरते, भूक मेली की वजन आणखी घटतं, वजन घटलं की पुढचा जंतू आत येतो. हे चक्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि चौथ्या-पाचव्या फेरीला मूल गळून पडतं.

त्याहून वाईट म्हणजे अशा मुलाला आजारी दिसण्याचीही ताकद उरत नाही. सशक्त मुलाला न्यूमोनिया झाला की ताप चढतो, श्वास जोरजोरात चालतो, आई घाबरून धावते. अतिकुपोषित मुलाला ताप येतोच असं नाही, उलट अंग थंड पडू शकतं. ते नुसतं गप्प पडून राहतं. आईला वाटतं, झोपलंय. मग आम्ही डॉक्टर म्हणतो, “इतक्या उशिरा का आणलं?”

जगात पाच वर्षांखालच्या मुलांचे जे मृत्यू होतात त्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या मुळाशी कुपोषणाचा हात असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण आपल्याकडे विधानसभेत प्रश्न आला की उत्तर ठरलेलं असतं: मृत्यू कुपोषणाने झाले नाहीत, न्यूमोनियाने झाले, जुलाबाने झाले, कमी दिवसांचं बाळ होतं.

या उत्तरातली चलाखी समजून घ्या. मृत्यूच्या वैद्यकीय दाखल्यावर एकाखाली एक ओळी असतात. पहिल्या ओळीत शेवटचं, तात्कालिक कारण. त्याखाली ते कशामुळे झालं, त्याखाली त्याच्याही मागचं मूळ कारण. शिवाय हातभार लावणाऱ्या इतर गोष्टींसाठी वेगळी जागा. न्यूमोनिया ही पहिली ओळ आहे. ती खोटी नसते. खालच्या ओळी रिकाम्या सोडल्या की संपूर्ण दाखला मात्र खोटा होतो. बाँडच्या नोकरीत असताना मीही असे दाखले लिहिले आहेत. दोन वर्षांचं मूल, वजन जेमतेम सहा किलो, आणि मी ‘ब्राँकोन्यूमोनिया’ एवढंच लिहून सही केली. खाली काही लिहू नकोस, चौकशी लागते, असं मला वरून सांगण्यात आलं होतं. मी चोविशीत होतो आणि मला एमडीच्या परीक्षेला बसायचं होतं. ही सबब आहे, समर्थन नाही.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून अधिक मुलं दगावली तेव्हा अख्खा महाराष्ट्र हादरला होता. मंत्री आले, समित्या आल्या, जव्हारला अपर जिल्हाधिकारी आले. २०१६ मध्ये मोखाड्यातल्या मृत्यूंनंतर पुन्हा तेच झालं, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्य सरकारला नोटीस काढली. मधल्या काळात काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. अंगणवाड्या वाढल्या, अमृत आहार योजनेत गरोदर बाईला एक वेळचं गरम जेवण मिळायला लागलं, आणि ते मिळतं तिथे फरक दिसतो. पण २०२० मध्ये साथ आली तेव्हा पहिल्यांदा बंद झालं ते अंगणवाडीतलं गरम जेवणच. त्याऐवजी कोरडा शिधा घरी द्यायचं ठरलं. तो शिधा ज्या घरात सहा तोंडं आहेत तिथे सहा ठिकाणी वाटला जातो, हे सांगायला पोषणतज्ज्ञ लागत नाही. खावटी अनुदानाचंही तसंच. कुटुंबामागे ४,००० रुपये, निम्मे रोख आणि निम्म्याचं सामान, असा निर्णय सप्टेंबर २०२० मध्ये झाला. मी पाहिलेल्या पाड्यांवर सामानाची पिशवी पोचायला २०२१ उजाडलं. दरम्यानच्या महिन्यांत त्या मुलांनी काय खावं अशी अपेक्षा होती, कोणास ठाऊक.

भूक आणि साथ यांचा संबंध किती थेट आहे याचा अलीकडचा सर्वांत भक्कम पुरावा झारखंडमधून आला. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना जादा धान्य, डाळ वगैरे दिलं आणि नवीन क्षयरोग होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. संसर्ग पसरवणाऱ्या प्रकारचा क्षय ४८ टक्क्यांनी. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. यात कोणती नवी लस नव्हती, यंत्र नव्हतं. तांदूळ आणि डाळ होती. एखाद्या औषधकंपनीच्या गोळीने हे केलं असतं तर तिची जाहिरात तुम्ही रोज बघितली असती.

ऑक्सिमीटर काय सांगत नाही

कोविडच्या काळात तुम्ही सगळे ऑक्सिमीटर वापरायला शिकलात. ९४ च्या खाली गेलं की धावायचं. हे शहरात ठीक होतं. आता त्याचा पाड्यावरचा अर्थ सांगतो.

हे यंत्र रक्तातलं हिमोग्लोबिन किती टक्के ऑक्सिजनने भरलंय ते सांगतं. मुळात हिमोग्लोबिन किती आहे ते सांगत नाही. एसटी स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांतल्या शंभरपैकी शहाण्णव सीट भरल्यात, एवढंच ते कळवतं. स्टँडवर गाड्या किती आहेत हे त्याच्या हद्दीत नाही. हिमोग्लोबिन १४ असलेल्या माणसाचं सॅच्युरेशन ९६ आणि हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईचं ९६, यंत्रावर दोन्ही सारखं दिसतं, पण त्या बाईच्या रक्तात ऑक्सिजन निम्माच आहे. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना ॲनिमिया आहे, पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तो ५४ टक्के निघाला. या भागात सिकलसेलही आढळतो. त्यांना न्यूमोनिया झाला तर ९४ चा आकडा धीर देणारा नाही, फसवा आहे. त्यात भर म्हणजे गडद त्वचेवर ही यंत्रं कधी कधी आकडा जास्त दाखवतात. अमेरिकेत २०२० च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये अशी चूक जवळपास तिप्पट वेळा आढळली. विषाणू भेदभाव करत नसेल, पण आमचं यंत्रही करतं!

आणि समजा आकडा बरोबर आला, ८२. पुढे काय? डोंगराळ आणि आदिवासी भागासाठी सरकारचा निकष २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ८०,००० मागे एक ग्रामीण रुग्णालय असा आहे. २०११ च्या जनगणनेत मोखाड्याची लोकसंख्या ८३ हजारांच्या घरात होती, म्हणजे कागदावर मोखाड्याचं एक ग्रामीण रुग्णालय जवळपास पुरेसं. पण निकष माणसं मोजतो, चढ मोजत नाही. इमारत मोजतो, आत भूलतज्ज्ञ आहे का ते मोजत नाही. बाळंतपण अडलं, मूल फार खालावलं की एका दवाखान्यातून दुसऱ्या, तिथून जव्हार, तिथून नाशिक किंवा ठाणे, अशी चिठ्ठी पुढे पुढे जाते. आमच्या भाषेत याला रेफर करणं म्हणतात. बऱ्याचदा पेशंट रोगाने मरत नाही, रेफर होता होता मरतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यात बोटोशीजवळच्या मर्कटवाडीत एका बाईला सातव्या महिन्यात जुळी झाली. दोन्ही बाळं गेली. तिला रक्तस्राव होत असताना भर पावसात झोळी करून निसरड्या डोंगरवाटेने सुमारे तीन किलोमीटर खाली आणावं लागलं. जून २०२५ मध्ये मोखाड्यातल्याच एका बापाने, पोटात दगावलेल्या बाळाचा देह नाशिकहून पिशवीत घालून एसटीने गावी आणला. या दोन्ही वेळी कुठलीही साथ नव्हती. शांततेचा काळ होता, सगळे डॉक्टर-नर्स-गाड्या नेहमीच्या कामाला मोकळे होते. जी व्यवस्था एका बाळंतिणीला तीन किलोमीटर नेऊ शकत नाही, ती एका आठवड्यात दोनशे जणांना धाप लागली तर काय करेल?

“पण हे लोक आधी भगताकडे जातात हो,” असं म्हणणारे माझे व्यवसायबंधू आहेत. जातात. मीही त्यावरून लोकांवर ओरडलो आहे. एकदा एका आजीला विचारलं, “आजी, नातवाला तीन दिवस भगताकडे का ठेवलंत?” ती म्हणाली, “तो घरी असतो.” याहून चांगलं उत्तर मला आजवर सुचलेलं नाही. भगत रात्री दोन वाजता असतो, उधारीवर असतो, तिच्या बोलीत बोलतो आणि तिला अडाणी म्हणत नाही. आमचं केंद्र दहा किलोमीटरवर आणि डॉक्टर मीटिंगला गेलेला. अंधश्रद्धेवर मी जरूर बोलेन, पण आधी आमची खुर्ची भरलेली असू द्या.

लशीच्या वेळी हेच झालं. पाड्यांवर अफवा होत्या, लस घेतली की माणूस मरतो, मूल होत नाही. मी स्वतः तास तासभर समजावत बसलोय. पण दुसरी बाजूही बघा. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण सुरू झालं तेव्हा मोबाइलवर कोविन उघडून स्लॉट बुक करणं सक्तीचं होतं. ज्या पाड्यावर फोन करायला टेकडीवर चढावं लागतं तिथल्या केंद्राचे स्लॉट मुंबई-ठाण्याच्या लोकांनी घरबसल्या घेतले आणि गाड्या काढून ते टोचून घेऊन गेले. २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची सोय झाली तोवर गावातल्या तरुणांनी आपल्याच केंद्रासमोर बाहेरच्यांच्या गाड्यांची रांग पाहून झाली होती. नंतर आपणच म्हणालो, आदिवासी लस घ्यायला तयार नाहीत.

जे काही टिकून राहिलं ते आशाताईंमुळे. घरोघर जाऊन ताप मोजणारी ती, क्वारंटाइनचा फलक लावून शिव्या खाणारी ती. केंद्राकडून तिला कोविडच्या कामाचे महिन्याला जादा १,००० रुपये मिळत होते, म्हणजे दिवसाचे ३३. जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा “ऐन साथीत संप?” म्हणून नाकं मुरडणारे होते. ३३ रुपयांत त्यांच्यापैकी कोणी माझ्या ओपीडीचं दार उघडायलाही आलं नसतं.

पैसा कुठे जातो

साथ आली की आपण बीकेसी, गोरेगावला जम्बो सेंटर उभारतो. ते त्या वेळी लागलं, त्याने जीव वाचले, मान्य. पण साथ ओसरल्यावर ते उखडलंही जातं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू, आणि राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पातले आठ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर खर्च करावेत. दोन्ही वर्षं येऊन गेली, दोन्ही आकडे लांबच राहिले. पुढच्या साथीची तयारी म्हणून प्रयोगशाळा आणि ॲप यांवर परिषदा होतात. माझ्या मते मोखाड्यात भरलेलं बालरोगतज्ज्ञाचं पद, चालू स्थितीतली रक्त साठवणुकीची सोय, बारमाही रस्ता आणि ऑगस्टमध्ये न थांबणारं गरम जेवण ही साथीची तयारी आहे. तिला तयारी म्हणत नाहीत, कारण तिचं उद्घाटन करता येत नाही.

काकांनी जाताना विचारलं होतं, “यात मी काय करू?” विचारलं ते बरं केलंत. तुमच्या इमारतीच्या कामावर किंवा शेजारच्या साइटवर मजुरांची मुलं असतील तर त्यांचं लसीकरण कार्ड बघायला सांगा आणि जवळच्या महापालिका दवाखान्याला कळवा. दुसऱ्या जिल्ह्यातलं मूल असलं तरी लस मोफत देतात. घरकामाच्या ताईंना दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करायला पाठवा, आणि त्या दिवसांचा पगार कापू नका. पगार कापला तर त्या खोकला लपवतील आणि तुमच्याच स्वयंपाकघरात खोकतील. क्षय निघालाच तर नोंदणी झाल्यावर सरकारकडून पोषणासाठी आता महिन्याला १,००० रुपये मिळतात, ते खात्यात येतायत का विचारा. २०२० मध्ये देशात क्षयरुग्णांची नोंद आदल्या वर्षीच्या २४ लाखांवरून १८ लाखांवर आली. आजार कमी झाला नव्हता, शोधणारे कोविडमध्ये अडकले होते.

गोवराचंही तसंच झालं. लॉकडाऊनमध्ये चुकलेल्या लशींचा हिशेब २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात चुकता झाला. एका गोवराच्या रुग्णापासून लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना लागण होऊ शकते, म्हणून शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यात.

गेल्या हिवाळ्यात शिबिराला गेलो तेव्हा एका आशाताईने तिची वही दाखवली. तिच्या पाड्यावर दुसरा डोस बाकी असलेली अकरा मुलं होती. त्यांपैकी आठ दिवाळीनंतर आईबापांबरोबर भट्टीवर गेलेली. कोणत्या भट्टीवर ते तिने पेन्सिलने लिहून ठेवलं होतं, जमेल तिथे मुकादमाचा नंबरही. आम्ही दोघांनी तिथेच बसून एकेक फोन लावला. पाच बंद होते. एकाने चुकीचा नंबर म्हणून ठेवून दिला. एक मुकादम म्हणाला, “साहेब, माणसं आहेत माझ्याकडे, पोरांचं मला काय माहीत?” आठव्या नावासमोर नंबरच नव्हता. ताईने वही मिटली आणि म्हणाली, होळीला येतील तेव्हा बघते.